लाकडाचा गणपती का तडकला?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ बरेच काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय माझ्या घरातूनच आलाय. गेल्या वर्षी नाशिकला आई-बाबा नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेले. वास्तुशांतीला काहीतरी छान द्यावं म्हणून मी एक लाकडी गणपती ऑनलाइन मागवला. बारा इंची, सागवानी, खाली ठळक अक्षरांत ‘हाताने कोरलेला’. फोटो बघितला, रेटिंग बघितलं, पैसे भरले. फेब्रुवारीत मूर्ती आली. सगळ्यांना आवडली, आईने देवघरातच ठेवली.

एप्रिलच्या शेवटी आईचा फोन. आवाजावरूनच कळलं काहीतरी बिनसलंय. “अरे, गणपतीच्या कपाळापासून सोंडेपर्यंत चीर गेलीय. काल रात्री टक्क असा आवाज आला होता, मला वाटलं भांडं पडलं.”

आता मी कोड लिहिणारा माणूस. माझ्या दृष्टीने हा ‘डिफेक्टिव्ह पीस’. रिटर्नची मुदत बघितली तर सात दिवस, आणि तडा अडीच महिन्यांनी. पण आईचा प्रश्न वेगळाच होता. खंडित मूर्ती पूजेत ठेवायची नसते. मग आता याचं करायचं काय? गोदावरीत सोडायचा? ज्या गणपतीसमोर अडीच महिने रोज हात जोडले, त्याला ‘डिफेक्टिव्ह’ म्हणायला तिची जीभ रेटेना.

त्या उन्हाळ्यात मी जुन्या नाशिकातल्या एका सुतारकाकांकडे मूर्ती घेऊन गेलो, आणि मग वाचतच सुटलो. जे कळलं ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट: आपल्या देवघरात लाकडाचे देव कमी का?

तुमच्या घरचं देवघर आठवा. देवघर लाकडाचं. चौरंग लाकडाचा, पाट लाकडाचा. पण देव? बाळकृष्ण पितळेचा, अन्नपूर्णा पितळेची, कुलदैवताचे टाक चांदीचे, शाळिग्राम आणि बाण दगडाचे. का? कारण आपल्याकडे देवाला रोज अंघोळ असते. पाणी, दूध, पंचामृत. धातू आणि दगड ते सोसतात.

नाशिकमध्ये तर धुळवडीला घराघरातले ‘वीर’, म्हणजे पूर्वजांचे टाक, वाजतगाजत रामकुंडावर नेऊन त्यांना गोदावरीत स्नान घालतात. लाकडाच्या वीराची ही अंघोळ किती वर्षं टिकली असती, तुम्हीच विचार करा.

पण याचा अर्थ लाकूड देवासाठी चालत नाही, असा मुळीच नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार सांगितलेत: दगडाची, लाकडाची, धातूची, मातीची किंवा लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. याच स्कंधावर आपल्या पैठणच्या एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, तेच ‘एकनाथी भागवत’. म्हणजे लाकडाला दुसऱ्याच क्रमांकावर जागा आहे. आणि मनातल्या मूर्तीला मेंटेनन्स शून्य, हेही लक्षात घ्या!

नाशिक जिल्ह्यातच लाकडी देव बघायचा असेल तर पेठ, सुरगाण्याकडे जा. तिथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी वस्त्यांमध्ये वाघदेव असतो. लाकडी फळीवर किंवा खांबावर कोरलेला वाघ, सोबत सूर्य, चंद्र, नाग. वाघबारशीला, म्हणजे आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, त्याची पूजा होते. गुराढोरांना वाघापासून सांभाळ, एवढंच मागणं. हा देव देवघरात बसत नाही, रानाच्या कडेला ऊन-पावसात उभा असतो. त्याच पट्ट्यात, पलीकडे मोखाडा-जव्हारपर्यंत, बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात. त्यातही लाकडी मुखवटे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे झालेत.

लाकडाचा सगळ्यात मोठा देव अर्थात पुरीचा जगन्नाथ. कडुनिंबाच्या लाकडाचा. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवीन मूर्ती घडवतात. १९७७, १९९६ आणि २०१५ मध्ये हे झालं. लाकूड कायमचं टिकत नाही, हे तिथे आधीच मान्य केलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग तडा का गेला?

सुतारकाकांनी मूर्ती हातात घेतली, उलटी केली आणि तळ बघितला. वरून कितीही सुंदर असो, त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तळाला झाडाची वर्तुळं दिसत होती, आणि वर्तुळांचं केंद्र बरोबर मध्ये. ते म्हणाले, “हे बघा, अख्खं खोडच घेतलंय. आणि घाईत घेतलंय.”

यामागचं विज्ञान असं. ताज्या कापलेल्या लाकडात भरपूर पाणी असतं. ते सुकलं की लाकूड आक्रसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. उंचीच्या दिशेने जवळपास नाहीच. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडं. आणि वर्तुळाच्या घेराच्या दिशेने सगळ्यात जास्त, साधारण त्याच्या दुप्पट.

आता कल्पना करा: गोल खोड आहे, त्याचा घेर जास्त कमी व्हायला बघतोय, त्रिज्या तेवढी कमी होत नाहीये. म्हणजे आत तेवढंच पोट आणि बाहेरून सदरा आटतोय. काय होणार? सदरा उसवणार. तीच ती चीर. म्हणून केंद्र मूर्तीच्या आत राहिलं की तडा जाण्याची शक्यता फार वाढते. जाणता कारागीर खोड उभं चिरून केंद्र बाजूला ठेवतो आणि अर्ध्या किंवा पाव भागातून मूर्ती काढतो.

दुसरी गोष्ट सुकवण्याची. सावलीत, हवा खेळती ठेवून लाकूड सुकवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा जुना हिशोब. चार इंच जाड ठोकळा म्हणजे चार वर्षं! भट्टीत सुकवलं तर वेळ खूप वाचतो, पण जाड ठोकळा भट्टीतही सावकाशच सुकवावा लागतो. ऑर्डर आली की पाच दिवसांत पाठवणाऱ्याकडे इतका धीर कुठून असणार?

तिसरी गोष्ट आपली हवा. लाकूड सुकल्यावरही हवेतली वाफ घेत आणि सोडत राहतं. नाशिकचा एप्रिल म्हणजे कोरडा फुफाटा. दमट हवेच्या गावात कोरलेली, अर्धवट सुकलेली मूर्ती इथे आली, देवघरात समईच्या शेजारी बसली आणि उरलेलं पाणी झपाट्याने सोडू लागली. बाहेरचा थर आधी सुकला, आतला ओलाच. टक्क.

आणि एक मजेशीर उलटं उदाहरण. तमिळनाडूत कांचीपुरमला अत्तिवरदराजाची मूर्ती आहे. अत्ती म्हणजे औदुंबर, आपल्या दत्ताचा. ही लाकडी मूर्ती मंदिराच्या तळ्यात पाण्याखाली ठेवलेली असते आणि चाळीस वर्षांनी एकदा बाहेर काढतात. १९७९ मध्ये काढली होती, नंतर २०१९ मध्ये १ जुलै ते १७ ऑगस्ट असा ४८ दिवसांचा उत्सव होता. पाण्यात लाकूड कुजत कसं नाही? कारण कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही. कायम कोरडं लाकूड टिकतं, कायम बुडालेलंही बरंच टिकतं. जीव जातो तो आज ओलं, उद्या कोरडं करण्यात. म्हणजे रोजच्या अभिषेकात.

‘हाताने कोरलेली’ म्हणजे नक्की काय?

तळ बघून झाल्यावर काकांनी मूर्ती खिडकीपाशी नेली आणि तिरप्या उजेडात धरली. पोटावर बारीक, समांतर, एकसारख्या रेघा. शेतात ट्रॅक्टर फिरवल्यासारख्या. ते हसले. मला मात्र लगेच कळलं, कारण असल्या मशीनचं सॉफ्टवेअर मी बघितलंय.

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कोरणारी मशीन. मूर्तीची थ्रीडी फाइल टाकायची, मशीनचं फिरतं पातं एका ओळीत जातं, जरा सरकतं, पुढची ओळ. दोन ओळींमध्ये अंतर जितकं कमी तितकी सफाई जास्त, पण वेळही जास्त. घाई असली की अंतर वाढवतात आणि या रेघा राहतात. मग वर जाड पॉलिश मारून झाकतात.

साध्या मशीनला तीन दिशा असतात: डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली. पातं नेहमी वरूनच येतं. त्यामुळे जिथे वरून पोहोचता येत नाही तिथे ती कोरू शकत नाही. सोंडेच्या मागची पोकळी, कानाच्या मागचा खळगा, हात आणि पोट यांच्यामधली फट. माझ्या गणपतीचा हात पोटाला चिकटलेला होता, सोंड छातीत वितळल्यासारखी होती. मला ती ‘स्टाइल’ वाटली होती! ठोकळा फिरवणाऱ्या महागड्या मशीन यातलं बरंच काही करतात, त्यामुळे ही कसोटी शंभर टक्के नाही. पण स्वस्त मालाला हमखास लागू पडते.

हाताचं काम वेगळं चालतं. ठोकळ्यावर समोरून आणि बाजूने आकार आखायचा. करवत आणि वाकस चालवून नको ते लाकूड काढायचं. मग मोठ्या पटाशीने डोकं, पोट, मांडी असे ढोबळ गोळे. मग लहान आणि गोल तोंडाच्या पटाश्या. मग कानस, मग पॉलिश पेपर. बऱ्याच ठिकाणी डोळे सगळ्यात शेवटी. कारागीर लाकडाच्या रेषा बघत हाताची दिशा बदलतो, कारण रेषेच्या उलट पटाशी मारली की ढलपी उडते. गाठ आली तर तो तिथे मांडीची गोलाई आणेल, बोट आणणार नाही. मशीनला गाठ दिसत नाही.

प्रमाण तरी कसं ठरवतात? इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीची उंची १०८ अंगुळं सांगितलीय. पण हे अंगूळ तुमच्या-माझ्या बोटाचं नाही. ते त्या मूर्तीचंच अंगूळ आहे, म्हणजे मूर्तीच्या उंचीचे १०८ भाग केले की एक भाग. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, बारा अंगुळांचा चेहरा, असे नऊ चेहरे म्हणजे पूर्ण उंची. यालाच नवताल म्हणतात. गणपती मात्र पंचताल, फक्त पाच. म्हणून तो बुटका, मोठ्या डोक्याचा आणि गोड दिसतो. वेब डिझाइन करणाऱ्यांना हे लगेच कळेल: पिक्सेलमध्ये मोजायचं नाही, टक्क्यांत मोजायचं. स्क्रीन कितीही असू दे, लेआउट मोडत नाही.

घरच्या मूर्तीची मापंही ठरलेली आहेत. मत्स्यपुराणात म्हटलंय, अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंत, त्याहून मोठी घरात नको. माझी बारा इंची तिथेही नापास.

घेण्याआधी काय बघायचं?

एक. तळाचा फोटो मागा. विकणारा चेहऱ्याचे दहा फोटो टाकतो, तळाचा एकही नाही. तळाला वर्तुळांचे तुकडे दिसायला हवेत, आणि समोरच्या रेषा कडेवरून वळून बाजूला जाताना दिसायला हव्यात. रेषा कडेला अचानक थांबल्या तर तो छापलेला कागद किंवा रंग. तळ एकसंध, गुळगुळीत, रेषाच नाहीत, तर ते बहुधा रेझिन. लाकडाचा भुसा आणि रेझिन साच्यात ओतूनही ‘वुडन’ मूर्ती बनतात. वजनावरूनही कळतं. सागवान पाण्यापेक्षा बरंच हलकं, रेझिन पाण्याहून जड. हातात घेतल्यावर मूर्ती अपेक्षेपेक्षा जड लागली तर शंका घ्या.

दोन. वर्तुळांचं केंद्र मूर्तीत आहे का बघा. असेल तर सोडा.

तीन. दोन ‘नग’ शेजारी मागा. हाताच्या दोन मूर्ती जुळ्या नसतात. दोन्हींच्या मुकुटावरची सहावी पाकळी सारखीच तुटकी असेल, तर ती फाइलमध्येच तुटलेली आहे.

चार. लाकूड कुठलं ते विचारा. साग आणि शिसम जड आणि टिकाऊ. शिवण कोरायला मऊ आणि आकार धरून राहणारी. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी खेळणी आणि फळं पूर्वी पांगाऱ्याची, हलकं आणि मऊ लाकूड, रंग आणि लाख लावल्यावर छान दिसतं. चंदनाची मूर्ती हजार-पाचशेत मिळत असेल तर ती दुसऱ्याच पांढऱ्या लाकडावर अत्तर चोळलेली समजा. आणि पांढऱ्या रुईच्या मुळातला ‘मांदार गणपती’ आपोआप उगवला असं कोणी म्हटलं, तर पटाशीच्या खुणा शोधा.

पाच, सगळ्यात महत्त्वाचं: “लाकूड किती दिवस सुकवलंय?” हा प्रश्न विचारा. कारागीर असेल तर खूश होऊन बोलायला लागेल. नुसता विकणारा असेल तर म्हणेल, “सर, फुल क्वालिटी आहे.”

एक गोष्ट स्पष्ट करतो. मशीनची मूर्ती वाईट असते असं माझं म्हणणं नाही. बजेट कमी असेल तर ती जरूर घ्या. अनेक कारखान्यांत ढोबळ काम मशीन करते आणि चेहरा माणूस करतो, त्यातही गैर काही नाही. माझ्या मूर्तीचा तडाही मशीनमुळे गेला नाही, ओल्या लाकडामुळे गेला. हाताने कोरली असती तरी गेला असता. फरक एवढाच की ओल्या लाकडात पटाशी कशी जाते हे हाताला कळतं, आणि चांगला कारागीर तिथेच थांबतो.

गैर आहे ते लेबल. मशीनचं काम तासांचं, हाताचं काम दिवसांचं. दोन्हींवर ‘हँडक्राफ्टेड’ लिहिलं की फोनच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि आपण स्वस्त ते घेतो. मग पंधरा दिवस बसून कोरणाऱ्याला कोण विचारणार? फसवला मी गेलो, पण पोट त्याचं मारलं गेलं.

घरी आणल्यावर

लाकडी मूर्तीला अभिषेक नको. शेजारी सुपारी किंवा छोटी पितळी मूर्ती ठेवा, अभिषेक तिला. लाकडी मूर्तीला कोरडं गंध-फूल, तेही संध्याकाळी काढून टाका. समई वीतभर तरी लांब. थेट ऊन नको, एसीचा झोत नको. मऊ ब्रशने धूळ झटका.

वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात किंवा मेणाचं पॉलिश पुरे. खोबरेल नको, चिकट राहतं आणि धूळ धरतं. आणि हे नीट ऐका: जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

मूर्तीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर आत कीड आहे. लगेच मूर्ती बाकीच्या लाकडापासून बाजूला करा आणि सुताराला दाखवा.

आमच्या गणपतीचं काय झालं?

काकांनी लगेच काही केलं नाही. म्हणाले, “पाऊस पडू द्या.” मला वाटलं टाळतायत. पण जुलैमध्ये हवेत ओल आली, आणि चीर खरंच जवळजवळ निम्मी मिटली! मेमध्ये ती गच्च भरली असती, तर पावसात लाकूड फुगून दुसरीकडे फुटलं असतं. गणपतीच्या आधी त्यांनी सागाचीच कागदासारखी पातळ पट्टी तासून चिरेत बसवली. रेषेत रेष जुळवून. शोधल्याशिवाय दिसत नाही.

विसर्जनाचा प्रश्न आईने आमच्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, अवयव तुटला तर खंडित, हे तर लाकडाचं उलणं आहे. पण तुमच्या मनाला रुखरुख असेल तर पूजेत दुसरी ठेवा. प्रत्येक घरची रीत वेगळी असेल, तुमच्याकडे मोठ्यांना विचारा. एवढं मात्र नक्की, पॉलिश मारलेली मूर्ती गोदावरीत सोडू नका. लाकूड बुडत नाही, पुढच्या घाटाला लागतं आणि तिथे लोकांच्या पायांखाली येतं. पुरीत जुन्या मूर्ती मंदिराच्याच आवारात, कोइली वैकुंठात, जमिनीत पुरतात. लाकूड मातीतून आलं, मातीत गेलं. आपल्यालाही अंगणात, शेतात हे करता येईल.

‘बृहत्संहिते’त आणखी एक गोष्ट आहे. मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्यावर राहणाऱ्या जिवांना विनंती करायची की कृपा करून दुसरीकडे घर करा. आणि झाडावर दिशांच्या आणि वर-खालीच्या खुणा करायच्या, म्हणजे झाड जसं उभं होतं तशीच मूर्ती उभी राहील. मला हे वाचून जरा लाज वाटली. मी तर पिनकोड टाकून डिलिव्हरीची तारीख बघितली होती.

आता देवघरात आईचा जुना पितळी गणपती परत आलाय. लाकडाचा हॉलमध्ये, पूर्वेच्या भिंतीशी बसतो. पण परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं, सकाळी पहिलं जास्वंद त्यालाच होतं. मी विचारलं तर म्हणाली, “दुखणं काढलंय त्याने. जरा जास्त बघायला नको?”

तुमच्या घरी लाकडाचा देव असेल, आजोबांच्या वेळचा वगैरे, तर आधी त्याचा तळ बघा आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.